माझी ओळ, तुझी ओळ

२०२३च्या अखेरीस राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आपल्या वऱ्हाडातला एक जुना शब्द वर्तमानपत्रांत वारंवार दिसू लागला : कोतवाल बुक. अमरावती-अकोल्याकडच्या मंडळींना तो नवा नाही. जातपडताळणीसाठी तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये खेटे घातलेल्या कोणालाही विचारा. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, बापाचं नाव काय, जात काय, हे सगळं एका ओळीत. सरकारी भाषेत गाव नमुना १४.

मी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे या वह्यांत काय लिहिलंय याचं कुतूहल आहेच. पण हल्ली मला दुसराच प्रश्न पडतो. ही वही पाहायची कोणी? सगळी पाहायची, की फक्त आपली ओळ?

वऱ्हाड १८५३च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली, शेताला नंबर पडला आणि नंबरासमोर खातेदाराचं नाव लागलं. पुढे १९०३मध्ये आपण मध्य प्रांताला जोडले गेलो, १९५६मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात. राज्यं बदलत गेली, पण वह्या त्याच राहिल्या. (१९९८मध्ये अकोल्यातून वाशीम वेगळा झाला तेव्हा जिल्ह्याचं नाव बदललं, आजोबांची ओळ काही बदलली नाही.)

या वह्या सांभाळणारा पटवारी वतनदार. दप्तर लाल रुमालात बांधलेलं आणि बहुधा त्याच्या घरीच. लिपी मोडी. म्हणजे शेतकऱ्यासमोर वही उघडली तरी त्याला ती वाचता येण्याची खात्री नाही. कोणाला काय दाखवायचं आणि काय नाही, हे त्या एका माणसाच्या मर्जीवर. आपल्याकडे पटवाऱ्याचा जो दरारा होता तो अधिकाराइतकाच या मर्जीचा होता, असं माझं मत आहे.

त्यावरचा तोडगा म्हणजे ‘उतारा’. शब्द किती नेमका आहे पाहा. वही हलत नाही, तिच्यातली तुझ्यापुरती ओळ कागदावर उतरवून मिळते. सातबारा हा असाच उतारा, गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून झालेला.

आम्हा मास्तरांचा उतारा म्हणजे टी.सी. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात प्रत्येक मुलाची एक ओळ. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेवटी शेरा. जन्मतारखेत बदल करायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागे, मुख्याध्यापकालाही ती परस्पर खोडता येत नसे. लिहिण्यावर एवढा पहारा, पण पाहण्यावर?

मी ज्या एका शाळेत होतो (नाव मुद्दाम देत नाही) तिथल्या मुख्याध्यापकांनी जुन्या रजिस्टरचे दोन पुठ्ठे कापून ठेवले होते. कोणी नोंद पाहायला आलं की एक पुठ्ठा ओळीच्या वर, एक खाली. मधली तेवढी ओळ उघडी. आम्ही तरुण शिक्षक हसायचो. मग एकदा ते बैठकीसाठी बाहेरगावी गेलेले असताना एक गृहस्थ आपल्या मुलाची नोंद पाहायला आले. “मले फक्त पोराची तारीख पाहाची हाय,” एवढंच म्हणाले. ज्याच्याकडे किल्ली होती त्याने अख्खं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. मुलाच्या ओळीखाली तिसरी ओळ एका मुलीची. कारणाच्या रकान्यात ‘दीर्घ आजार’. मुलगी केव्हाच बरी झाली होती, दुसऱ्या शाळेतून मॅट्रिक झाली होती, तिचं लग्न ठरत आलं होतं. ती बातमी नवऱ्या मुलाच्या घरी पोचली आणि सोयरीक मोडली. तिचा बाप शाळेत येऊन काही बोलला नाही. नुसता बाकावर बसून राहिला.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण माझी नात. ती पुण्यात डेटाबेसचं काम करते. तुम्ही नक्की काय करता, असं विचारल्यावर म्हणाली, “आबा, सध्या कोणाला कोणती ओळ दिसावी ते बघते.” मी खुर्ची पुढे ओढली.

मला समजलं ते असं. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी कल्पना मांडली, की माहिती तक्त्यांत ठेवावी, आडव्या ओळी आणि उभे रकाने. म्हणजे आमचं दाखल-खारीजच! चारच वर्षांनी, १९७४मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातले मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी पुठ्ठ्यांचा प्रश्न घेतला. त्यांची युक्ती अशी : माणूस काहीही विचारो, यंत्र त्याच्या प्रश्नाला स्वतःहून एक अट जोडतं. ‘सगळी मुलं दाखव’ असं मी विचारलं तर यंत्र ते ‘सगळी मुलं दाखव, पण याच्या शाळेतलीच’ असं करून घेतं. मला पत्ताही लागत नाही. पुढे ओरॅकलने १९९९मध्ये आपल्या डेटाबेसात तशी सोय दिली. स्टोनब्रेकर यांच्याच बर्कलेतल्या कामातून वाढलेल्या पोस्टग्रेस या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसात ती यायला मात्र जानेवारी २०१६ उजाडलं.

इतकी वर्षं काय चाललं होतं? नात म्हणाली, बहुतेक ठिकाणी अट प्रोग्राममध्ये लिहायचे, अजूनही लिहितात. खिडक्या दहा असतील तर दहाही खिडक्यांवरच्या माणसांनी ती लक्षात ठेवायची. एकजण विसरला की रजिस्टर उघडं. मला लगेच तो किल्लीवाला आठवला. आमचा नियम मुख्याध्यापकांच्या हातात होता, रजिस्टरात नव्हता. तो रजिस्टरातच बसवला तर खिडकीवर कोणीही असो.

आणखी दोन गोष्टी मला फार आवडल्या. पोस्टग्रेसमध्ये तक्त्याला हा पहारा चालू केला आणि नियम एकही लिहिला नाही, तर सामान्य वापरकर्त्याला एकही ओळ दिसत नाही. आपल्या कचेऱ्यांचा रिवाज बरोबर उलटा, नियम नसेल तर ओळखीच्याला सगळं दिसतं. दुसरं म्हणजे पाहण्याचा नियम वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा ठेवता येतो. महसूल खात्याला ही दुसरी गोष्ट फार जुनी माहीत आहे. फेरफाराची नोंद तलाठी घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. आज सातबारा कोणीही कोणाचाही घरबसल्या पाहू शकतो, आणि ते बरोबरच आहे. जमीन घेणाऱ्याला ती कोणाची हे कळलंच पाहिजे. त्या मुलीच्या आजाराचं तसं नाही.

मी नातीला एक मास्तरी शंका विचारली. ओळ लपवली, पण तोच नोंद क्रमांक मी नव्याने टाकायला गेलो तर? ती हसली. “यंत्र म्हणेल, हा क्रमांक आधीच आहे.” म्हणजे ओळ दिसली नाही तरी ती आहे हे कळलंच! ही फट खरोखर आहे आणि पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तकातही ती लिहून ठेवलीय, असं तिने सांगितलं. शिवाय तक्त्याच्या मालकाला हे नियम एरवी लागूच होत नाहीत, त्यालाही लागू करायचे तर तसं वेगळं सांगावं लागतं. मालकाच्याही वर एक सर्वाधिकारी असतो, त्याला कशानेच अडवता येत नाही. पटवारी काही पूर्ण गेलेला नाही तर.

असो. आपल्या घरातली काही मंडळी कोतवाल बुकाच्या नकलेबद्दल फोनवर विचारत होती, त्यांच्यासाठी : तहसिलीत अर्ज करताना गावाचं नाव, आजोबा-पणजोबांचं नाव आणि जन्म किंवा मृत्यूचं अंदाजे वर्ष नक्की लिहा. नोंद मोडीत निघाली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागेल. आणि मिळालेली नक्कल कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याआधी ती एकदा नीट वाचा, कारण झेरॉक्स बहुधा अख्ख्या पानाची निघते.