वेशभूषेची जुनी पुस्तके आणि अजिंठ्यातील ‘इराणी वकील’

शतकमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या ग्रंथालयातील जीर्ण व कालबाह्य ग्रंथांची छाननी करण्यासाठी जी उपसमिती नेमण्यात आली, तिचा प्रस्तुत लेखक एक सभासद होता. संदर्भ विभागाच्या कपाटात प्राचीन भारतीय वेशभूषेवरील एक सचित्र पुस्तक हाती आले, तेव्हा ते रद्द ग्रंथांच्या यादीत घालावे, अशी सूचना प्रथम मीच केली. त्या सूचनेमागे थोडा वैयक्तिक राग होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात बदामीचा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्यावर एक एकांकिका बसविली होती. वेशभूषेची जबाबदारी माझ्याकडे होती. ह्याच पुस्तकातील एका रेखाचित्राखाली ‘पुलकेशीच्या दरबारातील इराणी वकील, अजिंठा, सातवे शतक’ असे छापलेले होते. त्याबरहुकूम टोकदार टोप्या आणि लांब बाह्यांचे अंगरखे शिवून घेतले. प्रयोग रंगला, टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवशी इतिहास विभागातील एका सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, ते चित्र पुलकेशीच्या दरबाराचे नाही आणि सातव्या शतकातीलही नाही. छापील पुस्तकावर विसंबून मी दीडशे विद्यार्थ्यांना चुकीचा इतिहास दाखविला होता.

ही चूक आली कोठून, याचा शोध घेतला असता जी हकीकत समोर आली, ती उद्बोधक आहे.

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये मद्रासच्या लष्करातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. भिंतींवरील चित्रे झपाट्याने नष्ट होत असल्यामुळे त्यांच्या नकला करून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत भस्मसात झाल्या. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. जे उरले, त्याच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नकला घेताना मूळ चित्रांवर वार्निश चढविले गेले व कालांतराने ते पिवळे पडले, ही गोष्टही विसरता येत नाही. तात्पर्य, भिंतीवरून कागदावर, कागदावरून छापील फलकावर आणि फलकावरून आमच्या पुस्तकातील रेखाचित्रावर, असा त्या वस्त्रांचा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर रंग, चुण्या आणि काठ यांत थोडाफार फरक पडणे अपरिहार्यच होते.

परंतु खरी चूक चित्रकाराची नव्हती. चित्राला नाव देणाऱ्याची होती. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात सिंहासनस्थ राजापुढे नजराणे घेऊन आलेल्या परदेशी पुरुषांचा एक प्रसंग आहे. तबरी या इतिहासकाराच्या ग्रंथात एका हिंदी राजाने इराणच्या दुसऱ्या खुसरूशी पत्रव्यवहार केल्याचा उल्लेख सापडतो. ह्या दोहोंची सांगड घालून जेम्स फर्गसन यांनी १८७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, हा राजा दुसरा पुलकेशी असून ते पाहुणे खुसरूचे वकील होत. हा तर्क आकर्षक होता आणि लेखक ख्यातनाम होते. साहजिकच तो तर्क पुढील पुस्तकांत सिद्धान्त म्हणून वावरू लागला.

त्यानंतर अभ्यास पुढे सरकला. सोळाव्या लेण्यातील शिलालेखावरून ते लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करविले, हे स्पष्ट होते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला हा लेख १९४१ मध्ये आपल्या हैदराबाद संस्थानाच्याच पुरातत्त्वीय ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला. वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर केलेल्या संशोधनातून पहिले लेणेही हरिषेणाच्याच काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याचे मत मांडले गेले व ते आज बहुतेक अभ्यासकांस मान्य आहे. डिटर श्लिंगलॉफ यांनी तर तो प्रसंग बौद्ध कथेतील महासुदर्शन राजाचा असल्याचे दाखविले. पुलकेशी गादीवर येण्यापूर्वी सुमारे सव्वाशे वर्षे ज्यांची चित्रे काढली गेली, ते त्याच्या दरबारी वकील कसे असणार?

मग हे पुस्तक फेकून द्यावे काय? प्रथम माझे उत्तर होकारार्थी होते. विचारांती ते बदलले.

पहिले कारण असे की, चूक चित्राखालच्या ओळीत आहे, चित्रात नाही. टोकदार टोप्या आणि लांब बाह्यांचे अंगरखे घातलेले परदेशी पुरुष भिंतीवर खरोखरच आहेत. पाचव्या शतकातील चित्रकाराच्या डोळ्यांसमोर परदेशी माणूस कोणत्या वेशात उभा होता, याचा तो मोलाचा पुरावा आहे. शतक दुरुस्त केले की तेच चित्र पुन्हा उपयोगी पडते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पुस्तक काढून टाकल्याने चूक नाहीशी होत नाही. ती यापूर्वीच दहा पुस्तकांत, शालेय तक्त्यांत आणि नाटकांच्या पडद्यांवर उतरलेली असते. तिचा माग काढावयाचा तर जुने पुस्तक कपाटात असावेच लागते. वाट चुकलेल्याला वळण कोठे चुकले हे दाखविण्यासाठी ते वळण जागेवर असावे लागते, तसेच हे आहे.

तेव्हा वेशभूषेचे कोणतेही पुस्तक उघडताना वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. हे चित्र मूळ वस्तूवरून काढले की दुसऱ्या नकलेवरून? मूळ वस्तूचा काळ कोणत्या पुराव्याने ठरविला? आणि चित्राखालचे नाव कोणी व केव्हा दिले? ‘अजिंठा’ एवढेच लिहिलेले असेल तर विशेष सावध राहावे. नवव्या व दहाव्या लेण्यांतील सर्वांत जुनी चित्रे इसवी सनापूर्वीची मानली जातात आणि पहिल्या लेण्यातील चित्रे पाचव्या शतकातील. पाचशेहून अधिक वर्षांचे अंतर असलेली अंतरीये आणि उत्तरीये एकाच पानावर मांडली, तर तो पोशाख कोणत्याच शतकातील माणसाचा राहत नाही.

उपसमितीच्या पुढील बैठकीत मी माझी सूचना मागे घेतली. ग्रंथपालांनी त्या पुस्तकाच्या आतील पानावर एक चिठ्ठी डकविली असून तीत चुकीच्या ओळीचा पृष्ठांक आणि दुरुस्त काळ नमूद केला आहे. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांचा छायाचित्रांवर आधारलेला, १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघालेला ‘अजंता’ ग्रंथ त्याच फळीवर शेजारी ठेवला आहे, म्हणजे वाचकास तेथल्या तेथे ताडून पाहता यावे.

शंभर वर्षे जपलेल्या संग्रहात बिनचूक पुस्तकेच असतील, अशी अपेक्षा कोणी करू नये. आज आपण विश्वासाने विकत घेतो त्या ग्रंथांतही उद्याचे अभ्यासक चुका दाखवितील. त्यांच्यासाठी पुस्तकही राहावे आणि चिठ्ठीही राहावी, एवढीच व्यवस्था आपल्या हाती आहे. ती चिठ्ठी माझ्याच फजितीतून निघाली, याचे आता मला वैषम्य वाटत नाही.