ट्रंपेटच्या मागे कोण?

आमच्या वाशीममधल्या वरातीत सगळे बघतात ट्रंपेटवाल्याकडे. पण ताशा थांबला की नाचणारे जागच्या जागी थांबतात, मग तो कितीही फुंको.

मुंबईच्या ताजमध्ये १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ बँड आला. पुढे तिथं टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला बँडप्रमुख झाला, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. कारण ट्रंपेट एका वेळी एकच सूर काढतो. तो सूर गोड की बोचरा, हे खाली पियानोवर कोणता कॉर्ड वाजतोय त्यावर ठरतं. बास दर मात्रेला पाऊल टाकतो, ड्रमर झांजेवर लय धरतो. म्हणून तर सोलोवाला श्वास घ्यायला थांबला तरी गाणं पडत नाही. आणि तो मुद्दाम उशिरा आला, ही गंमतसुद्धा मागे कोणी वेळेवर असेल तरच कळते ना!

गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून गाजला. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. त्यातलं 'शोला जो भडके' आज लावा. आधी फक्त बोंगो ऐका, ट्रंपेट नंतर.