जावातलं आडनाव, दख्खनी नाव

मीरा रोडला सोसायटीच्या कुंपणालगतच्या झुडपांत, भाईंदरच्या मिठागरांच्या बांधांवर, उत्तनच्या वाड्यांमध्ये चिमणीपेक्षा लहान असा एक पक्षी बारा महिने वावरतो. पाठ राखी, पोट फिकट तांबूस, शेपटी वर उभारलेली आणि आवाज अंगाच्या मानाने फारच मोठा. एका झुडपातून दुसऱ्यात जाताना तो चटचट असं काहीतरी वाजवतो. ते पंखांनी की चोचीनं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मराठीत हा राखी वटवट्या. शास्त्रात प्रिनिया सोशियालिस.

शास्त्रीय नावाची रीत शाळेच्या हजेरीपटासारखी आहे: आडनाव आधी, नाव मागून. यातलं प्रिनिया हे आडनाव ना लॅटिन ना ग्रीक. थॉमस हॉर्सफील्ड हा अमेरिकी डॉक्टर जावा बेटावर बरीच वर्षं राहिला, तिथले पक्षी त्यानं गोळा केले आणि 1821 मध्ये त्यांची वर्णनं छापली. त्यातल्या एका छोट्या पक्ष्याला तिथले लोक ज्या नावानं ओळखत, तेच त्यानं प्रजातीला देऊन टाकलं. शिंपी पक्ष्याची ऑर्थोटोमस ही प्रजातीही त्याचीच, त्याच वर्षीची. पुढे हा गृहस्थ लंडनला ईस्ट इंडिया कंपनीचं संग्रहालय सांभाळत होता.

दुसरं नाव पुण्याकडचं. विल्यम हेन्री साइक्स मुंबई फौजेतला अधिकारी. पेशव्यांशी झालेल्या खडकीच्या लढाईत तो कंपनीच्या बाजूनं होता. पेशवाई बुडाली, मुलूख ताब्यात आला, आणि आता या मुलखात आहे तरी काय याची मोजदाद हवी झाली. 1824 मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टननं त्याला सांख्यिकी वृत्तान्तकार नेमलं. पिकं, जमीनधारा, लोकसंख्या, हवामान यांच्या नोंदी करत तो दख्खनभर फिरला, आणि त्याच फिरतीत पक्षी, प्राणी, मासे यांचे नमुनेही जमवले. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी 1832 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात छापून आली. महसुलाच्या वहीला जोडलेलं परिशिष्ट म्हणावं अशीच तिची ठेवण आहे: पक्ष्यामागे थोडक्या ओळी, रंग, माप, पोटात काय सापडलं. पण आपल्याकडच्या कितीतरी नेहमीच्या पक्ष्यांचा शास्त्रातला जन्मदाखला म्हणजे ही यादी. राखी वटवट्या, साधा वटवट्या, एवढंच काय, भाईंदर खाडीच्या काठी मान आखडून बसलेला वंचकसुद्धा तिथलाच.

सगळीच नावं टिकली नाहीत. शिंपी पक्ष्याला साइक्सनं एकाच यादीत दोन नावं दिली, बेनेटी आणि लिंगू, म्हणजे एका जातीच्या त्यानं दोन केल्या. दोन्ही बाद झाली. टॉमस पेनंटनं 1769 मध्येच सिलोनच्या नमुन्यावरून याला सुटोरियस ठरवलं होतं, आणि जुनं नाव खरं हा इथला कायदा आहे. (लॅटिनमध्ये सुटोर म्हणजे चांभार. आपला शिंपी तिकडे जाऊन चामडं शिवायला लागला, पण नियमापुढे इलाज नाही.)

राखी वटवट्याबद्दल मात्र साइक्सनं जाता जाता एक मोलाची गोष्ट लिहून ठेवली: याचं घरटं शिंप्याच्या घरट्याइतक्याच कौशल्याचं असतं. पुढे पक्षी-अभ्यासक जेर्डननं घरटी पाहून ते पडताळलं. त्याच्या मते शिवण खऱ्या शिंप्याइतकी नेटकी नसते, गवत आणि तंतू जास्त वापरलेले असतात. अंडी कधी कधी सरसकट विटकरी तांबडी असतात, हेही त्यानं नोंदवलं. तरीही त्या काळी वर्गीकरण चालायचं ते मुख्यतः चोच, पंख आणि पाय यांवर. लहान, तपकिरी, किडे खाणारा पक्षी दिसला की त्याला सिल्व्हिया घराण्यात लोटायचं, असा प्रघात होता. शे-दीडशे वर्षांत त्या घराण्यात इतकी गर्दी झाली की त्याला अर्थच उरला नाही. अखेर डीएनएचे अभ्यास आले तेव्हा ते घराणं फुटलं. प्रिनिया आणि ऑर्थोटोमस, म्हणजे वटवट्या आणि शिंपी, एकाच सिस्टिकोलिडी कुळात शेजारी शेजारी निघाले. हे घरट्यावरून ठरलं नाही, आणि सगळेच प्रिनिया पानं शिवतात असंही नाही. पण मला साइक्सची ती एक ओळ त्याच्या अनेक लॅटिन वर्णनांपेक्षा मोलाची वाटते. पक्षी मारून मापं घेणाऱ्या माणसानं निदान एकदा तरी जिवंत पक्ष्याचं घर नीट पाहिलं होतं.

नावं देताना साइक्सला इथल्या शब्दांचं वावडं नव्हतं. एका चंडोलाला त्यानं देवा म्हटलं, एका पिवळ्या धोब्याला भीमा नदीवरून बीमा, आणि पांढऱ्या धोब्याच्या एका प्रकाराला थेट दुखुनेन्सिस. आणि हिवाळ्यात मध्य आशियातून पश्चिम भारतात उतरणाऱ्या, बाभळीच्या झुडपांत किडे टिपणाऱ्या एका अगदी बिनरंगी पक्ष्याला त्यानं नाव दिलं सिल्व्हिया रामा.

राखी वटवट्याचं 1832 चं नाव आजही जसंच्या तसं आहे. रामाची मात्र फरफट झाली. सिल्व्हियातून तो हिप्पोलाइसमध्ये गेला. मग रशियाकडच्या, 1823 मध्ये नाव मिळालेल्या कॅलिगाटाचीच ही उपजाती असं ठरलं, आणि विसाव्या शतकाचा बराचसा काळ तो तिसऱ्या क्रमांकाच्या नावावर राहिला. साधारण 2000 च्या आगेमागे डीएनए, आवाज आणि ठेवण तपासून त्याला पुन्हा स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. 2009 मध्ये सगळ्या कुळाचीच फेरमांडणी झाली आणि तो इडुना या प्रजातीत आला. इडुना ही नॉर्वेकडच्या पुराणांतली देवी, देवांना तरुण ठेवणारी सफरचंदं सांभाळणारी. तिच्या शेजारी आता आपला राम. साइक्सनं हे स्वप्नातही योजलं नसेल.

या स्थलांतराची खूण नावातच राहते. प्रजाती मूळचीच असेल तर नाव देणाऱ्याचा उल्लेख उघडा लिहितात: प्रिनिया सोशियालिस साइक्स, 1832. प्रजाती बदलली की तो कंसात जातो: इडुना रामा (साइक्स, 1832). मराठी नाव दोघांचंही वटवट्याच. जुन्या सिल्व्हियासारखंच आपलं हे नावही ऐसपैस आहे, शास्त्रानं दोघांना वेगळ्या कुळांत टाकलं तरी.

इडुनाही अजून पुरती स्थिरावलेली नाही. 2009 मध्ये तिच्यात जाड चोचीचा वटवट्याही घातला होता. पुढे त्याला बाहेर काढून अरुंडिनॅक्स या निराळ्या प्रजातीत ठेवलं. राम सध्या तरी इडुनातच आहे, कंसासकट.