घरच्या राउटरचे दार आणि त्याची किल्ली

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया व तह एवढेच डोळ्यांपुढे येण्याची सवय आपल्याला लागली आहे. परंतु ज्या वस्तूंशी सामान्य माणसाचा रोज संबंध येतो त्यांनाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा त्या इतिहासात मालकीचा व हक्काचा प्रश्न दडलेला असतो. कामगार चळवळीत आयुष्य घालविल्यामुळे आम्हाला हा प्रश्न प्रथम दिसतो; यंत्र कोणते आहे हे पाहण्याआधी त्याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे आम्ही पाहतो. आज त्याच दृष्टीने एका अगदी लहान यंत्राकडे श्रोत्यांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर किंवा कपाटावर दिवे लुकलुकणारी एक पेटी असते. तिला राउटर म्हणतात. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, परगावी असलेल्या लेकीशी बोलणे, हे सारे तिच्यातून जाते. या पेटीच्या पोटात एक लहानसे दप्तर असते. घरातील कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत, वाय-फायचे नाव काय, परवलीचा शब्द कोणता, बाहेरचा पत्ता कोणाला विचारावयाचा, हे सर्व तेथे नोंदलेले असते व तेथेच बदलता येते. या दप्तराला सेटिंगचे पान म्हणतात. त्याला दार आहे, दाराला कुलूप आहे, आणि कुलपाला किल्लीही आहे. हे दार बसविले कोणी, त्याचा क्रमांक बहुतेक घरांत सारखाच का, आणि किल्लीचे पुढे काय झाले, हे क्रमाने पाहू.

प्रथम क्रमांकाची हकिगत. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. सप्टेंबर १९८१ मध्ये जी पद्धत लेखनिविष्ट झाली तिच्यात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात. त्या काळी ही संख्या अफाट वाटली असल्यास नवल नाही. परंतु दहा-बारा वर्षांतच पत्ते संपतील अशी भीती जाणत्या मंडळींना वाटू लागली. तेव्हा मार्च १९९४ मध्ये एक सूचना पुढे आली. पत्त्यांचे काही गट राखून ठेवावेत. ते कोणाच्याही मालकीचे असू नयेत. ज्याने त्याने ते आपल्या घरापुरते, कारखान्यापुरते वापरावेत. मात्र बाहेरच्या जगात त्यांना किंमत नसावी. सूचना करणाऱ्यांत क्रायस्लर या मोटारींच्या कारखान्यातील एक गृहस्थही होते.

ज्याला चाळ ठाऊक आहे त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. प्रत्येक चाळीत खोली क्रमांक एक असतेच. मुंबईत अशा किती 'खोली क्रमांक एक' असतील याची गणती नाही, तरीही घोटाळा होत नाही. कारण पोस्टमन आधी चाळ शोधतो आणि खोलीचा क्रमांक चाळीच्या आत आल्यावरच कामास येतो.

या सूचनेला विरोधही झाला. जुलै १९९४ मध्ये चौघा तज्ज्ञांनी, ही प्रथा घातक आहे, तिला मान्यतेचा शिक्का देऊ नये, असे जाहीर लिहून मांडले. पुढे वाटाघाटी झाल्या व फेब्रुवारी १९९६ मध्ये जो सुधारलेला मसुदा मान्य झाला त्यावर मूळ सूचना करणाऱ्या चौघांबरोबर विरोधकांपैकी एलियट लिअर यांचेही नाव आहे. ज्यांनी करारनाम्याच्या टेबलावर रात्री जागविल्या आहेत त्यांना या सहीचे मोल कळेल. मसुद्यात तीन गट राखून ठेवले आहेत. त्यांपैकी सर्वांत लहान गट १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो व त्यात ६५,५३६ पत्ते आहेत. घरगुती राउटर बनविणाऱ्यांनी बहुधा हाच गट उचलला आणि पेटीला स्वतःसाठी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा क्रमांक दिला. हीच आपल्या घरातील खोली क्रमांक एक.

पण खोल्यांचे क्रमांक सारखे असतील तर बाहेरून आलेले टपाल योग्य खोलीत जावे कसे? त्यासाठी मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांनी पत्तेबदलाची रीत प्रसिद्ध केली. घरातून जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर राउटर आपला सार्वजनिक पत्ता घालतो, पत्र कोणत्या खोलीतून आले हे आपल्या वहीत टिपतो, आणि उत्तर आले की वही पाहून ते त्या खोलीत पोहोचवितो. पत्त्यांचा मोठा साठा तयार होईपर्यंतची ही तात्पुरती सोय होती. तात्पुरत्या सोयी किती टिकतात हे तात्पुरत्या कामगारांस विचारावे! जुन्या पत्त्यांचे शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. पत्तेबदल मात्र आजही घरोघर चालूच आहे.

आता दाराकडे वळू. आरंभीच्या राउटरला आज्ञा द्यावयाची तर तार जोडून, ठराविक भाषेत, अक्षर न चुकता ती लिहावी लागे. ते काम शिकलेल्या कारागिराचे होते. ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेने आपल्या येथे तयार झालेली वेबची पद्धत सर्वांना मोफत खुली केली, आणि पाने दाखविणारा ब्राउजर सामान्य माणसाच्या हाती आला. तेव्हा कारखानदारांनी एक चांगली गोष्ट केली. पान वाढणारा एक लहानसा कार्यक्रम त्यांनी पेटीतच बसविला. आज्ञांची भाषा न येणाऱ्या माणसालाही चौकटीत शब्द भरून व कळ दाबून आपले यंत्र चालविता येऊ लागले. ही मोठी लोकशाही सुधारणा होती, असे म्हणावयास आम्हाला संकोच वाटत नाही. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हे पान जगाच्या जाळ्यावर कोठे नसून आपल्या पेटीतच आहे. बाहेरची जोडणी तुटली तरी घरच्या वाय-फायवरून ते साधारणपणे उघडते.

दार झाले, पण किल्लीच्या बाबतीत कारखानदारांनी आखडता हात घेतला. प्रत्येक पेटीला वेगळा परवलीचा शब्द द्यावयाचा तर खर्च वाढतो आणि ग्राहकाला फोनवरून मदत करणेही अवघड जाते. म्हणून लाखो पेट्यांना एकच किल्ली दिली गेली. नाव 'ॲडमिन', परवलीचा शब्दही 'ॲडमिन'; कोठे शब्दाची जागा रिकामीच. हे सर्व माहितीपुस्तिकेत छापलेले असे आणि पुस्तिका वाटेल त्यास वाचता येई. किल्ली बदला, असेही तीत लिहिलेले असे. परंतु बदलावी कशासाठी व न बदलल्यास काय होईल, हे घरधन्याला कोणी धड सांगितले नाही.

परिणाम व्हावयाचा तो झाला. २००७ च्या आरंभी अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की घरातील माणसाने एखादे दुष्ट पान नुसते उघडले तरी ते पान त्याच्याच ब्राउजरकरवी, माहीत असलेली किल्ली लावून, राउटरचे दप्तर बदलू शकते. तेथे 'पत्ता कोणाला विचारावयाचा' या रकान्यात चोराच्या हस्तकाचे नाव घातले की पुरे. मग आपण बँकेचे नाव बिनचूक लिहितो आणि समोर येते ती नकली बँक. ही केवळ कल्पना राहिली नाही. ब्राझीलमध्ये काही मोडेमांच्या कुलपातच दोष निघाला, आणि सुमारे ४५ लाख मोडेमांचे दप्तर अशा रीतीने फिरविले गेल्याचे २०१२ मध्ये उजेडात आले. घरात कोणी शिरले नाही, कडी तुटली नाही, आणि लोकांच्या ठेवी धोक्यात आल्या.

२०१६ साली याहून मोठा प्रकार घडला. 'मिराई' नावाचा एक उपद्रवी कार्यक्रम टेलनेट या जुन्या मागील दाराने घरोघरच्या कॅमेऱ्यांत व राउटरांत शिरला. त्याच्याजवळ होती फक्त कारखान्यांत ठरलेल्या साठ-बासष्ट किल्ल्यांची यादी. अशा लक्षावधी गरीब यंत्रांना वेठीस धरून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर एकाच वेळी गर्दी लोटण्यात आली, आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. मिराई बनविणारे तिघेही विशी-एकविशीतले तरुण होते. त्यांनी गुन्हा कबूल केल्याचे डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झाले. यंत्रांच्या मालकांना तर आपले यंत्र रात्रपाळीला कोणाकडे राबते याचा पत्ताही नव्हता. 'आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय' ही म्हण याहून चपखल कोठे बसणार?

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस जर्मनीत दुसरा अनुभव आला. सेवा देणाऱ्या कंपन्या दुरूनच राउटरची देखभाल करतात व त्यासाठी एक निराळे दार ठेवतात. त्याची पद्धत २००४ मध्ये ठरली होती. या दाराच्या रोखाने झालेल्या हल्ल्यात डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. हे दार ग्राहकाच्या घरात, पण ते उघडण्या-मिटण्याचा अधिकार ग्राहकाकडे नव्हता. आपल्या देशातही जुलै २०१७ मध्ये कर्नाटकात बीएसएनएलचे हजारो मोडेम अशाच उपद्रवाने बंद पडले. कारखान्यातील परवलीचा शब्द बदला, असे ग्राहकांना सांगावे लागले.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. माझ्या घरात, माझ्या विजेवर चालणाऱ्या यंत्राचा धनी कोण? हा वाद राउटरपेक्षा जुना आहे. अमेरिकेत टेलिफोनच्या तारेला कंपनीखेरीज दुसऱ्याचे उपकरण जोडण्यास मनाई असे. १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने ती मोडली. जर्मनीत कंपनीने दिलेलाच राउटर वापरण्याची सक्ती १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्याने उठली. आणखी एक चमत्कारिक घटना सांगतो. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीचा एक राउटर बाजारात आला. त्याच्या पोटात लिनक्स ही सर्वांसाठी खुली असलेली प्रणाली आहे, हे २००३ साली जाणकारांनी ओळखले. ज्याने खुले घेतले त्याने खुलेच द्यावे, ही त्या परवान्याची अट होती. मागणीचा रेटा वाढला आणि कंपनीला मूळ लिखाण प्रसिद्ध करावे लागले. त्यातून २००४ साली 'ओपनडब्ल्यूआरटी' हा स्वयंसेवकांचा उद्योग उभा राहिला, आणि पेटीचे सारे दप्तर स्वतः लिहिण्याची वाट मोकळी झाली. अट कागदावर होतीच. तिची आठवण देणारे निघाले म्हणून तिचा उपयोग झाला.

किल्लीबाबतही कायदा हळूहळू जागा झाला. कॅलिफोर्नियाने २०१८ साली केलेला कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यान्वये दुरून पोहोचता येणाऱ्या यंत्राला कारखान्याने एकतर वेगवेगळा परवलीचा शब्द द्यावा, नाहीतर पहिल्याच वापरात मालकाकडून नवा घालून घ्यावा. ब्रिटनमध्ये अशा सार्वत्रिक किल्ल्यांना २९ एप्रिल २०२४ पासून बंदी झाली. यातील तत्त्व आम्हाला महत्त्वाचे वाटते. पूर्वी दोष बेसावध घरधन्यावर ढकलला जाई. आता यंत्र बनविणाऱ्यालाही जबाबदार धरले जाते. कारखान्यातील अपघातांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. बोटे तुटली तर कामगार निष्काळजी, असे एके काळी म्हणत. यंत्राला जाळी का नव्हती, हे विचारावयास कायदा यावा लागला.

तरीही जाळी लावली म्हणजे कामगाराने डोळे मिटावेत असे नाही. म्हणून घरी गेल्यावर करावयाचे काम सांगतो. राउटरच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर पत्ता, नाव व परवलीचा शब्द बहुधा छापलेला असतो. फोन घरच्या वाय-फायवर ठेवावा, मोबाइलचा डेटा बंद करावा, आणि ब्राउजरच्या वरच्या पट्टीत तो पत्ता इंग्रजी आकड्यांत, टिंबांसह लिहावा. शोधाच्या चौकटीत लिहिल्यास भलतीच पाने पुढे येतात. 'हे पान सुरक्षित नाही' अशी सूचना दिसली तर आधी पत्ता चिठ्ठीशी ताडून पाहावा. घरच्या पेटीकडे बाहेरच्या संस्थेचे ओळखपत्र सहसा नसते, म्हणून ही सूचना येते. पान उघडले की दप्तराचा परवलीचा शब्द प्रथम बदलावा. तो आणि वाय-फायचा शब्द वेगवेगळे असावेत, कारण वाय-फायचा शब्द पाहुण्यांना द्यावा लागतो. नवा शब्द घरच्या वहीत लिहून ठेवावा. दुरून कारभार करण्याची सोय उघडी असल्यास व तिची गरज नसल्यास ती मिटवावी. नवी दुरुस्ती आली असेल तर घालून घ्यावी. शब्द विसरल्यास बहुतेक पेट्यांच्या मागे बारीक छिद्र असते. त्यात टाचणी घालून सुमारे दहा सेकंद दाबले की पेटी कारखान्यातल्यासारखी कोरी होते. मात्र तसे करण्यापूर्वी जोडणीची माहिती सेवा देणाऱ्याकडून मागून घ्यावी, नाहीतर इंटरनेट बंद राहील.

अलीकडे काही कंपन्या हे पान मागे सारून त्याऐवजी फोनवरील ॲप देऊ लागल्या आहेत. ते सोपे आहे, यात शंका नाही. परंतु पुष्कळदा त्यासाठी कंपनीच्या दप्तरी खाते उघडावे लागते, म्हणजे घरच्या कुलपाची किल्ली कंपनीच्या फळीवर टांगली जाते. सेवा देणारा पुष्कळदा पानाचा परवलीचा शब्द ग्राहकाला सांगतही नाही. अशा वेळी विनयाने पण ठामपणे तो मागावा. न मिळाल्यास का मिळत नाही ते लेखी मागावे. एकट्याने मागून न मिळाले तर इमारतीतल्या दहा बिऱ्हाडांनी मिळून मागावे. आमच्या धंद्यात हीच रीत आहे, आणि ती राउटरलाही लागू पडण्यास काही हरकत दिसत नाही.