नियम पुस्तकात नव्हते

रमी किंवा पाच-तीन-दोन पुस्तक वाचून शिकलेला माणूस सहसा भेटत नाही. पत्ते आपण कोणाच्या तरी शेजारी बसून शिकतो. पहिले दोन-तीन डाव आपण कच्चं लिंबू असतो. चुकीचं पान टाकलं की कोणीतरी ते उचलून परत आपल्या हातात देतं, आणि मग कधीतरी लक्षात येतं की आपल्याला खेळता येतंय. हे नियम कुठे लिहून ठेवलेत का, हा प्रश्न भांडण झाल्याशिवाय कोणाला पडत नाही.

जानेवारी १९७४मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून एक खेळ बाजारात आला. लाकडासारखी नक्षी असलेल्या कागदात मढवलेलं खोकं, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर. पहिल्या छपाईच्या १,००० प्रती. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे दोन कर्ते. आज ज्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्या प्रकारातला छापून विकला गेलेला हा पहिला खेळ. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग सांभाळतो: गुहा, राक्षस, गावकरी, हवामान, सगळं त्याच्याकडे. बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात: 'मी दार ढकलतो', 'मी त्या म्हातारीला पैसे देऊ करते'. जे घडेल की नाही याची खात्री नाही, तिथे फासा पडतो. पट नाही, शेवट ठरलेला नाही, जिंकणारा कोणी नाही.

अडचण एकच होती. त्या तीन पुस्तिका वाचून हा खेळ कसा खेळायचा, ते कळत नव्हतं.

पंच आला कुठून?

या अडचणीचं मूळ दीडशे वर्षं मागे, प्रशियाच्या सैन्यात आहे. १८२४ साली फॉन राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 'क्रीगस्पील', म्हणजे युद्धखेळ, याचे नियम प्रसिद्ध केले. खरा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, नुकसान मोजायला फासे आणि तक्ते, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. खेळाडूने हुकूम लिहून द्यायचा, त्याचं काय झालं ते पंचाने सांगायचं. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी सैन्याने तो उचलला. पण तक्ते इतके किचकट झाले की खेळण्यापेक्षा हिशेबालाच वेळ जाई. १८७६मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ या जनरलने तोडगा मांडला: अनुभवी पंच असेल, तर तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, त्याच्या निर्णयावर चाला.

थोडक्यात, नियम पुस्तकात ठेवायचा की माणसात, हा वाद खेळाच्या जन्माआधीचाच आहे.

हा विचार अमेरिकेत पोचला तो चार्ल्स टॉटन या सैनिकी अधिकाऱ्याच्या १८८०च्या 'स्ट्रॅटेगॉस' या ग्रंथातून. पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटात शिकणाऱ्या डेव्हिड वेझली नावाच्या युद्धखेळप्रेमी तरुणाला तो ग्रंथालयात सापडला. खेळाडूला सुचेल ते करू द्यावं आणि निकाल पंचाने द्यावा, ही कल्पना त्याने उचलली. १९६९मध्ये त्याने ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक प्रशियन गाव रचलं आणि प्रत्येक मित्राला एकेक माणूस वाटून दिला: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यार्थी नेता. लढाई सुरू व्हायच्या आतच मंडळी कोपऱ्यांत जाऊन कुजबुजू लागली, एकमेकांविरुद्ध कट रचू लागली. दोघांनी तर द्वंद्वयुद्ध पुकारलं. द्वंद्वाचे नियम वेझलीकडे नव्हतेच, ते त्याने जागच्या जागी बनवले. आपला प्रयोग फसला असं त्याला वाटलं. मित्र मात्र विचारत राहिले, पुन्हा कधी?

वेझली सैन्यात गेल्यावर त्याच मंडळीतल्या आर्नसनने सूत्रं हाती घेतली आणि १९७१पासून 'ब्लॅकमूर' नावाचं स्वतःचं जग चालवलं, त्यात किल्ला आणि त्याखालची भुयारं. नियम आर्नसनच्या वहीत आणि डोक्यात. खेळाडूंनी फक्त काय करतो ते सांगायचं. १९७२च्या अखेरीस त्याने लेक जिनीव्हाला जाऊन गायगॅक्सला हा खेळ खेळून दाखवला. खेळून दाखवला, हे महत्त्वाचं. गायगॅक्ससुद्धा तो पुस्तकातून शिकला नाही. नंतर आर्नसनने आपली टिपणं पाठवली आणि गायगॅक्सने त्यांतून, त्यांत भर घालून, नियम लिहून काढले.

खोटारडे राक्षस

ते लेखन ज्यांना खेळ आधीच अर्धा माहीत आहे अशांसाठी होतं. सोबत 'चेनमेल' हे गायगॅक्सचंच १९७१चं युद्धखेळाचं पुस्तक हाताशी असेल, असं गृहीत धरलं होतं. रानावनातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा पट सुचवला होता. लढाईची मुख्य पद्धत 'चेनमेल'ची, आणि एक पर्यायी पद्धत वीस बाजूंच्या फाशाची. बहुतेक गिऱ्हाइकांकडे 'चेनमेल' नव्हतं, त्यामुळे त्यांनी पर्यायी पद्धत वापरली, आणि आज जगभर तीच मुख्य आहे. दोघांत आधी वार कोणाचा, याचं सरळ उत्तर त्या पुस्तिकांत नव्हतं. एल्फ जातीचं पात्र योद्धा आणि मांत्रिक दोन्ही कसं होतं, यावर प्रत्येक शहरात वेगळा अर्थ लागला. राक्षसांच्या तक्त्यात 'लेअर', म्हणजे बीळ, या इंग्रजी शब्दाच्या जागी चुकून 'लायर', म्हणजे खोटारडा, असं छापलं गेलं. तो राक्षस आपल्या बिळात सापडण्याची शक्यता किती, हे तिथे सांगायचं होतं. काही वाचकांनी प्रामाणिकपणे तो आकडा राक्षस किती टक्के खोटं बोलतो याचा धरला आणि तसेच खेळले.

यातून जे निघालं ते बघण्यासारखं आहे. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सचा केन सेंट आंद्रे हा ग्रंथपाल. त्याने पुस्तिका वाचल्या, कल्पना आवडली, नियम पटले नाहीत. मग साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा स्वतःचाच खेळ त्याने १९७५मध्ये काढला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसहून ली गोल्डने 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे हौशी नियतकालिक सुरू केलं. गावोगावचे खेळाडू आपापली पानं पाठवत, ती एकत्र बांधून सगळ्यांना जात. आमच्याकडे विष असं चालतं, तुमच्याकडे कसं? शेजारी बसून शिकवणारा नव्हता, तेव्हा टपालाने आलेला शेजारी चालला. गायगॅक्सने सुरुवातीला याच पत्रिकेत लिहून प्रत्येक गटाने आपापल्या परीने खेळण्याला दाद दिली होती. नियमांतल्या भोकांतूनच हा खेळ पसरला, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच १९७५मधला एक खेळ मला फार शहाणा वाटतो. एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक होते, उर्दू आणि ब्राहुईचे अभ्यासक. त्यांच्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'मध्ये भाषा, देव, दरबारी रीतीभाती असं अख्खं अपरिचित जग होतं. एवढं सगळं नवख्याने शिकायचं कसं? त्यांनी ठरवलं, पात्र नुकतंच जहाजातून उतरलेलं परदेशी असेल, परक्यांच्या वस्तीत राहील, चुकीच्या माणसाशी चुकीच्या शब्दांत बोललं तर अडचणीत येईल. खेळाडूचं अज्ञान हेच पात्राचं अज्ञान.

शिक्षक खोक्यात घालायचा

धंदा वाढला तशी ही अनागोंदी परवडेना. जॉन एरिक होम्स हे कॅलिफोर्नियातल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे मेंदूविकारतज्ज्ञ. नवख्यांसाठी नियम नीट लिहून देतो, असं त्यांनी आपणहून कंपनीला कळवलं. १९७७चा 'बेसिक सेट' त्यातून आला: एकच पुस्तिका, ४८ पानं, फक्त पहिल्या तीन पायऱ्या. तो इतका खपला की १९७९मध्ये फासेच कमी पडले, आणि खोक्यात आकडे छापलेले कागदाचे तुकडे घालून द्यावे लागले. कपात टाका, हलवा, न बघता एक उचला.

दुसऱ्या बाजूने १९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्सने 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीचे तीन जाडजूड ग्रंथ काढले. आता भूमिका उलटली होती: खेळ सगळीकडे सारखाच हवा, स्पर्धा भरवायच्या तर एक गाव एक नियम चालणार नाही. खेळ चालवणाऱ्याचा ग्रंथ तर खेळाडूंनी उघडूच नये, असा अर्धा गमतीतला दमही त्यात होता. या ग्रंथांवर कर्ता म्हणून आर्नसनचं नाव नव्हतं. १९७९मध्ये तो न्यायालयात गेला, १९८१मध्ये तडजोड झाली. वहीतून आणि तोंडी दिलेलं ज्ञान ज्याच्या हातून लिहिलं जातं, त्याचंच होतं का? खटला पैशांचा होता, पण मुळात प्रश्न हा होता.

शेजारी बसणारा माणूस कागदावर आणण्याचा सगळ्यात यशस्वी प्रयत्न १९८३चा. फ्रँक मेंट्झरने लिहिलेलं लाल खोकं. त्याची पहिली पानं नियम सांगतच नाहीत. तुम्ही एक योद्धा आहात, गावाबाहेरच्या गुहेत शिरताय. वाचता वाचता एक साप डसतो, तेव्हा कळतं जीवगुण म्हणजे काय. पुढे अलीना नावाची एक धर्मसेविका भेटते, जखमा बऱ्या करते, शेजारी बसून गप्पा मारते, आणि तेवढ्यात तिचा वर्ग, तिची शक्ती, तिच्या मर्यादा तुम्हाला समजलेल्या असतात. काही पानांनंतर बार्गल नावाचा मांत्रिक तिला मारून टाकतो. फासा कसाही पडो, अलीना वाचत नाही. चाळीस वर्षांपूर्वी एकट्याने खोलीत बसून हे वाचलेली माणसं आजही तिच्याबद्दल हळहळतात. त्यांना खेळ शिकवणारी पहिली व्यक्ती तीच होती.

शिकलेलं कोणाचं?

पुढे कंपन्या बदलल्या. १९९७मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने मूळची टीएसआर कंपनी घेतली आणि १९९९मध्ये 'विझर्ड्स'ला हॅस्ब्रोने घेतलं. २०००मध्ये नव्या आवृत्तीसोबत एक खुला परवाना आला: नियमांचा गाभा कोणीही वापरावा, त्यावर आपली पुस्तकं काढावी. शेकडोंनी काढली. जानेवारी २०२३मध्ये तो परवाना रद्द करून मोठ्या प्रकाशकांकडून वाटा मागणाऱ्या नव्या कराराचा मसुदा फुटला, आणि खेळाडू इतके खवळले की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली. २७ जानेवारीला नियमांचा तो गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला गेला. अमेरिकी कायद्यानुसार खेळाच्या पद्धतीवर कॉपीराइट लागत नाही, तो लागतो ती पद्धत मांडणाऱ्या शब्दांवर. म्हणजे जे आर्नसनच्या टेबलावर घडत होतं ते कोणाचंच नव्हतं. गायगॅक्सची वाक्यं मात्र मालमत्ता होती.

त्या महिन्यात पुष्कळ गटांनी वर्षानुवर्षांचा खेळ बाजूला ठेवून दुसऱ्याच पद्धतींची पुस्तकं उघडली. काहींची पानं तीनशेच्या वर. तुम्हीही कधी असं पुस्तक हाती घेतलंत, तर पहिल्या पानापासून पाठ करत बसू नका. एक पात्र बनवा, एक दार उघडा, अडलात की तेवढाच नियम शोधा. त्याहून बरं म्हणजे ज्याला येतो त्याच्या शेजारी बसा. वेझलीकडे द्वंद्वाचा नियम नव्हता, तरी द्वंद्व झालंच.