पशुवैद्यकीय पाठ्यग्रंथ
पशुरोगांचे निदान व चिकित्सा शिकविणारे ग्रंथ. प्राचीन ग्रंथकारांचे लक्ष मुख्यत्वे युद्धोपयोगी प्राण्यांवर होते. भारतात अश्ववैद्यकात शालिहोत्र व गजवैद्यकात पालकाप्य यांचे ग्रंथ प्रमाण मानले जात. इटलीत प्रसिद्ध झालेला कार्लो रूईनी यांचा सचित्र शारीरग्रंथही (१५९८) घोड्याविषयीचाच होता. शेतकऱ्यांच्या गुरांना या विद्येत दुय्यम स्थान होते. अठराव्या शतकात बुळकांडीच्या साथींत यूरोपातील लक्षावधी गुरे दगावली, तेव्हा फ्रान्समध्ये लीआँ येथे क्लोद बूर्झला यांनी पहिले पशुवैद्यक विद्यालय स्थापन केले (१७६२) व विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तके लिहिली. मूळचे अश्वारोहणशिक्षक असल्याने त्यांचा भर घोड्यांवरच राहिला. तथापि त्यांचे विद्यार्थी साथग्रस्त गावांत जाऊ लागल्याने गुरांचे रोगही शास्त्रीय अध्ययनाचा विषय झाले. बुळकांडीचे जगातून निर्मूलन झाल्याचे २०११ मध्ये घोषित करण्यात आले.