चाळीस कॉम्प्युटर आणि एक न मारलेली टिक

परवा एका शिक्षकमित्राचा फोन आला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, शाळेच्या लॅबमधली मशीन जुनी, त्यांच्यावर विंडोज ११ बसत नाही. उबंटू टाकायचं चाललंय. "तू एक मशीन नीट करून दे, बाकीच्यांना घोस्ट मारून टाकू," म्हणाला. घोस्ट नावाचं ते सॉफ्टवेअर त्याच्या लॅबमध्ये कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नाही, पण क्रियापद टिकून आहे. फॉरमॅट मारणे, विंडोज मारणे, घोस्ट मारणे. आमच्या धंद्यात सगळं मारावंच लागतं.

त्याला हो म्हणालो आणि रात्री झोप लागेना. कारण मी अशी एक कॉपी २००६ साली तयार केली होती. ती गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी हे प्रकरण काय असतं ते सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शिकत होतो तेव्हा आमच्या औरंगाबादेत (तेव्हा औरंगाबादच, शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं) कॉलेजच्या लॅबमध्ये डिस्कलेस नोड असायचे. म्हणजे कॉम्प्युटरला स्वतःची हार्ड डिस्कच नाही. कोपऱ्यात नॉव्हेल नेटवेअरचा एक सर्व्हर, आणि बाकीची मशीन चालू झाली की नेटवर्कवरून त्याच्याकडे मागणी करायची: मी उठलोय, मला काय चालवायचं ते दे. सगळ्या लॅबला मिळून प्रोग्रामची कॉपी एकच. बिघडली तर सगळ्यांची बिघडायची, सुधारली तर सगळ्यांची सुधारायची. नेटवर्कवरून असं उठवण्याची पद्धत तर त्याहून जुनी. बूटपी नावाचा प्रोटोकॉल १९८५ चा आहे.

पुढे हार्ड डिस्क स्वस्त झाल्या. प्रत्येक मशीनला आपापली डिस्क, आपापलं विंडोज. सुख आलं असं वाटलं आणि भोग सुरू झाले. चाळीस मशीन म्हणजे चाळीस वेळा सीडी घालायची, चाळीस वेळा ड्रायव्हर शोधायचे. एका मशीनला दीड-दोन तास धरा. त्यात २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, २००२ पासून एमएस-सीआयटी आली, सरकारी नोकरीसाठी ती लागू लागली आणि गल्लोगल्ली लॅब उघडल्या. दर तासाला नवा हात माऊसवर. कुणी डेस्कटॉपवरचे आयकॉन पुसतंय, कुणी पेन ड्राईव्हमधून व्हायरस आणतंय. आठवड्यात मशीन पहिल्यासारखं करायचं तर कसं?

उत्तर न्यूझीलंडहून आलं होतं. ऑकलंडच्या मरे हॅझार्ड यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात घोस्ट लिहिलं, १९९८ मध्ये सिमँटेकने त्यांची कंपनी घेतली. कल्पना साधी: एक मशीन मन लावून तयार करायचं, त्याच्या डिस्कचा जसाच्या तसा ठसा एका फाइलमध्ये घ्यायचा आणि तो बाकीच्या डिस्कवर उमटवायचा. या फाइलला इमेज म्हणतात. आम्ही मास्टर कॉपी म्हणायचो.

खरी गंमत नेटवर्कवर. समजा इमेज ४ जीबीची आहे आणि नेटवर्क १०० एमबीपीएसचं. एका मशीनला निव्वळ पाठवायला सहा-सात मिनिटं. चाळीस मशीनना एकामागून एक पाठवली तर चार तासांच्या वर. पण मल्टिकास्ट केलं, म्हणजे सर्व्हरने एकदाच ओतलं आणि सगळ्यांनी एकाच वेळी भरून घेतलं, तर चाळीस मशीनना साधारण एकाचाच वेळ लागतो. आमच्या शहरातल्या माणसाला हे पटकन कळेल. घरोघरी टँकर पाठवणं ही एक पद्धत आणि मलिक अंबरने केली तशी नहर ही दुसरी. (सध्या पाणी किती दिवसांनी येतं ते विचारू नका, विषय तो नाही.) फरक एवढाच की मल्टिकास्टमध्ये सगळ्यांत मंद मशीनसाठी सगळे थांबतात. पंगतीत एक आजोबा सावकाश जेवत असले की कुणी उठत नाही, तसं.

२००६ मध्ये मी एका कॉलेजात लॅब सांभाळत होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, चूक कॉलेजची नव्हतीच. मराठवाड्यातल्या लोडशेडिंगचे ते दिवस. लाईट किती वाजता जाणार त्याचं वेळापत्रक दाराला चिकटवलेलं, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या म्हणजे नावालाच. कॉपी पाठवताना मधेच लाईट गेली की चाळीसच्या चाळीस डिस्क अर्धवट. म्हणून सकाळी सहाला जायचो. विद्यापीठाच्या आवारातल्या सीईडीटीआयमध्ये (नंतरचं डोएक, आताचं नायलिट) शिकलेला एक मित्र मदतीला. आमच्या नेटवर्क कार्डांवर बूट रॉम नव्हते, त्यामुळे प्रत्येक मशीनमध्ये फ्लॉपी घालून रिअलटेक ८१३९ चा डॉस ड्रायव्हर उठवायचा, सेशनचं नाव टाकायचं आणि वाट बघायची. चाळीस स्क्रीनवर चाळीस निळ्या पट्ट्या एकदम सरकताना बघणं हा काय आनंद होता, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

पहिल्यांदा केलं तेव्हा सगळी मशीन उठली आणि सगळ्यांनी एकच तक्रार केली: या नावाचा कॉम्प्युटर नेटवर्कवर आधीच आहे. नाव बदलून पाठवायचं राहिलं होतं, त्यामुळे चाळीसही जण लॅब-०१. आणखी एक भीती होती, एसआयडीची. प्रत्येक विंडोजला आत एक ओळखक्रमांक असतो, तो कॉपीत सारखाच जातो आणि त्याने अनर्थ होतो, असं आम्ही सगळे मानत होतो. तो बदलायला न्यूएसआयडी नावाचं फुकट टूल होतं. ज्या मार्क रुसिनोविच यांचं ते टूल, त्यांनीच २००९ मध्ये सांगितलं की तपासून पाहिलं, त्या भीतीत तथ्य नव्हतं, आणि टूल मागे घेतलं. कितीतरी सकाळी त्यात गेल्या होत्या. असो.

आता माझी चूक. विंडोज एक्सपीत मराठी होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेस, त्यात एक चौकोन. त्यावर टिक मारली की ते विचारायचं, अरबी, हिब्रू, थाई, इंडिक वगैरेंच्या फाइली टाकायच्या आहेत, १० एमबी किंवा जास्त जागा लागेल, चालेल का? मग एक्सपीची सीडी मागायचं. टिक मारली की मंगल फॉन्ट यायचा, र. कृ. जोशींनी घडवलेला, आणि काना-मात्रा जागेवर बसायच्या. नाही मारली तर युनिकोड मराठीच्या जागी नुसते चौकोन.

मास्टर मशीन तयार करताना मी ती टिक मारली नाही. सीडी दुसऱ्या खोलीत होती. लाईट जायला पाऊण तास उरला होता. आणि मनात म्हटलं, मराठी टायपिंगला श्रीलिपी आहेच की. तशी ती होती. पण श्रीलिपीतलं अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं मराठी चित्र. तो फॉन्ट असेल तिथेच ते वाचता येतं, बाकी ठिकाणी कचरा दिसतो. वेबसाइट, ईमेल, शोध यातलं मराठी हळूहळू युनिकोडमध्ये यायला लागलं होतं. मला ते माहीत होतं.

४ जीबीच्या कॉपीत १० एमबी. चाळीस मशीनवर गेली. बिघडलं की पुन्हा तीच कॉपी, पुन्हा तीच. मास्टर उघडायचं म्हणजे सगळं नव्याने तपासायचं, त्यामुळे कुणी हात लावत नाही. मीही लावला नाही. ती कॉपी तीन वर्षं चालली.

शेवटच्या वर्षी फुलंब्रीकडून येणारी एक मुलगी लॅबमध्ये एक मराठी साइट उघडून बसली होती. स्क्रीनभर चौकोन. तिने विचारलं, "सर, या कॉम्प्युटरला मराठी येत नाही का?" गर्दी होती, मी म्हणालो, "नाही येत." ती बरं म्हणाली आणि इंग्रजी पान उघडायला लागली. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं. तीन वर्षांत त्या लॅबमधून शेकडो मुलं गेली असतील. त्यांतल्या किती जणांनी मनाशी हेच धरलं असेल, की कॉम्प्युटर इंग्रजीतच असतो?

या कामाला कुणी धोरण म्हणत नाही. कुठे जीआर निघत नाही, बैठक होत नाही. एक लॅब असिस्टंट पाऊण तासात ठरवतो आणि ते चाळीस ठिकाणी, शंभर ठिकाणी वर्षानुवर्षं लागू राहतं. केरळने हे वेळीच ओळखलं. तिथे २००१ मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि त्याच दशकात शाळांतलं संगणक शिक्षण त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. राज्याची स्वतःची लिनक्सची कॉपी, तिच्यात मल्याळम आधीपासून बसवलेली, सगळ्या सरकारी शाळांना तीच. आता ते काम काइट ही सरकारी कंपनी बघते. आपल्याकडे असं जमलंच नसतं असं नाही. देशभरातल्या खालच्या कोर्टांमध्ये सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीने मुद्दाम तयार करून घेतलेली उबंटू चालते, आणि तिच्यावर खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर पुण्याच्या एनआयसीने लिहिलंय. सी-डॅक पुण्यात. महाराष्ट्राकडे माणसं होती, पैसा होता. शाळांच्या मास्टर कॉपीत मराठी कुणी बघायची, एवढंच ठरलं नाही.

एकच कॉपी सगळीकडे पाठवण्यात जोखीम आहेच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकची एक चुकीची फाइल गेली आणि जगातली सुमारे ८५ लाख मशीन निळी पडली. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. पण तो घोटाळा सगळ्यांना दिसला, त्यामुळे लगेच दुरुस्तीही सुरू झाली. माझा तीन वर्षं कुणाला दिसला नाही.

आता मित्राकडे शनिवारी जायचंय. काय काय टाकायचं त्याची यादी त्याने व्हॉट्सॲपवर पाठवली: लिबरऑफिस, ब्राउझर, प्रिंटरचा ड्रायव्हर, टायपिंग ट्युटर, शाळेच्या लेटरहेडवर शहराचं नवं नाव. मी खाली जोडलं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, आणि फोनेटिकसुद्धा. हल्ली मराठी दिसते सगळीकडे, चौकोन येत नाहीत. पण लिहायची तर कीबोर्ड अजूनही कुणीतरी आठवणीने लावावा लागतो.

त्याचं उत्तर आलं, "लागतं का ते? मुलं मोबाइलवर टाइप करतात की."

शनिवारी सकाळी लवकर जाईन म्हणतो.